डगमगती तबकडी, न ढळणारा किरण

कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या कागदपत्रांच्या गठ्ठ्याखाली एखादी डीव्हीडी सापडते. तिच्यावर पेनाने लग्नाची तारीख लिहिलेली असते, किंवा देवस्थानच्या कालोत्सवात गावच्या मंडळींनी केलेल्या नाटकाचे नाव. घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो. जुन्या संगणकात ती घातली की आतून टकटक असा आवाज येतो, तबकडी जोरात फिरते, मंदावते, पुन्हा फिरते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. तीच डीव्हीडी दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये घातली, तर कधी कधी निमूटपणे चालू लागते. एका यंत्रात चालते, दुसऱ्यात चालत नाही, याला बहुतेक जण नशीब म्हणतात. पुष्कळदा कारण नशिबात नसून यंत्राच्या एका अदृश्य कामात असते. तबकडीवरच्या प्रकाशकिरणाला सेकंदातून हजारो वेळा सावरून धरणाऱ्या या व्यवस्थेला अभियंते सर्वो नियंत्रण म्हणतात.

शब्द जुना आहे आणि त्याचा जन्म जहाजावरचा. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने बाष्पशक्तीने जहाजाचे सुकाणू वळवणारी यंत्रणा बनवली आणि १८७३ मध्ये तिच्यावरील ग्रंथात 'सर्वो-मोटर' हा शब्द वापरला. लॅटिनमध्ये 'सेर्वुस' म्हणजे दास. सुकाणूधराने चाक जितके फिरवले तितकेच सुकाणू वळले की नाही, हे यंत्राने स्वतःच ताडून पाहायचे आणि राहिलेली तफावत भरून काढायची, ही त्यामागची कल्पना. आज्ञा पाळणे आणि आज्ञा पाळली गेली का हे तपासणे, अशी दोन्ही कामे एकाच दासाकडे दिलेली. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या याच कल्पनेवर उभ्या आहेत.

तबकडीविषयी एक समज सर्वत्र आढळतो. इतकी बारीक माहिती वाचायची म्हणजे तबकडी, तिला फिरवणारी मोटर आणि सगळा सांगाडा घड्याळासारखा काटेकोर असणार, असे सहज वाटते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. तबकडी साच्यात काही सेकंदांत ओतून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकची असते. तिच्या मधले भोक १५ मिलिमीटरचे. ते माहितीच्या सर्पिल रेषेच्या अचूक मध्यावर नसते आणि तबकडी अगदी सपाटही नसते. सीडीच्या प्रमाणकानेच ही ढिलाई मान्य केली आहे. फिरताना ट्रॅक मध्यापासून ७० मायक्रॉनपर्यंत आत-बाहेर सरकला तरी चालेल आणि तबकडीचा पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वर-खाली झाला तरी चालेल, असे त्यात गृहीत धरलेले आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, म्हणजे ट्रॅक दर फेरीला दोन्ही बाजूंना एकेका केसाएवढा हेलकावतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण सीडीवर शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमधले अंतर फक्त १.६ मायक्रॉन आहे. एका केसाच्या जाडीत ४३ ट्रॅक मावतात. वाचणारा किरण एका जागी स्थिर ठेवला, तर तबकडीच्या प्रत्येक फेरीत त्याच्याखालून एका दिशेने चाळीसहून अधिक ट्रॅक सरकून जातील आणि तितकेच उलट दिशेने परततील. गाणे सोडाच, त्यातून एक अक्षरही हाती लागणार नाही.

हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचे तर तबकडी मोठी करून पाहावी. दोन ट्रॅकमधले १.६ मायक्रॉनचे अंतर एक मीटर मानले, तर १२ सेंटिमीटरची सीडी ७५ किलोमीटर व्यासाची होते. क्षेत्रफळाने ती ३,७०२ चौरस किलोमीटरच्या अख्ख्या गोव्याहून मोठी भरते. तिच्यावर मीटर-मीटर अंतराने सुमारे वीस हजार वेटोळी घातलेली एकच वाट आहे. ती वाट दर फेरीला ४४ मीटर इकडे आणि ४४ मीटर तिकडे झुलते, जमीन तीनशे मीटर वर-खाली होते आणि तिच्यावरून धावणाऱ्याने वाटेच्या मध्यापासून सहा-सात सेंटिमीटरपेक्षा अधिक ढळायचे नाही. प्रत्यक्ष मापांत सांगायचे तर किरण ट्रॅकच्या मध्यापासून ०.१ मायक्रॉनच्या आत राहिला पाहिजे आणि भिंगाचे अंतर साधारण एका मायक्रॉनच्या अचूकतेने सांभाळले गेले पाहिजे. ढिलाई सातशेपट जास्त आणि गरज सातशेपट बारीक. मधली सगळी दरी सर्वो भरून काढतो. काटेकोरपणा वस्तूत ओतण्याऐवजी तो क्षणोक्षणी कमवायचा, हा या तंत्राचा गाभा, आणि एवढे नाजूक यंत्र पुढे काही शे रुपयांत मिळू लागले त्याचेही मोठे श्रेय या निवडीलाच आहे.

चूक दुरुस्त करायची तर आधी ती मोजता आली पाहिजे, आणि मोजताना केवळ 'चूक आहे' एवढे कळून भागत नाही. भिंग तबकडीच्या जास्त जवळ आले आहे की दूर गेले आहे? दोन्ही वेळी प्रकाशबिंदू सारखाच पसरट होतो. त्यावरून दिशा कळत नाही. यावरचा तोडगा मोठा चतुर आहे. तबकडीवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश एका दंडगोलाकार भिंगातून नेतात. असे भिंग प्रकाशाला आडव्या आणि उभ्या दिशेने वेगवेगळ्या अंतरावर एकत्र आणते. त्यामागे प्रकाशसंवेदक असतो, आणि तो खिडकीच्या चार तावदानांसारखा चार भागांत विभागलेला असतो. भिंग योग्य अंतरावर असेल तेव्हा संवेदकावर प्रकाशाचे गोल वर्तुळ पडते आणि चारही तावदानांना सारखा वाटा मिळतो. भिंग जवळ आले की त्या वर्तुळाचा एका तिरप्या दिशेने लांबट अंडाकार होतो, दूर गेले की दुसऱ्या तिरप्या दिशेने. समोरासमोरच्या दोन तावदानांची बेरीज करायची आणि त्यातून उरलेल्या दोघांची बेरीज वजा करायची. उत्तर शून्य आले तर सगळे ठीक. धन आले तर एका बाजूला सरका, ऋण आले तर दुसऱ्या. शाळकरी मुलाला जमेल एवढेच हे गणित आहे.

आडव्या दिशेची चूक ओळखण्यासाठी सीडी प्लेअरमध्ये बहुधा एका किरणाचे तीन केले जातात. मधला किरण माहिती वाचतो. त्याच्या पुढेमागे चालणारे दोन सोबती ट्रॅकच्या जरा डाव्या आणि जरा उजव्या कडेवर पडतात. मधला किरण मध्यावर असला की दोन्ही सोबत्यांकडून सारखा प्रकाश परततो. तो ढळला की एकाकडून जास्त येतो, दुसऱ्याकडून कमी. बैलगाडीच्या दोन्ही चाकोऱ्यांवर एकेक माणूस लक्ष ठेवून चालला आहे, असे मानले तरी चालेल. डीव्हीडीत ट्रॅक ०.७४ मायक्रॉनवर आले. तिथे एकाच किरणाच्या चार तावदानांवर खळग्यांची सावली कोणत्या क्रमाने आणि किती वेळाच्या फरकाने सरकते, त्यावरून दिशा ताडली जाते.

चूक कळल्यावर हलवायचे काय, हाही प्रश्न सुरुवातीला अवघड होता. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने १९७२ मध्ये आइंडहोवन येथे चित्रफीत साठवणारी प्रकाशीय तबकडी जगाला दाखवली, आणि १९७८ च्या डिसेंबरात तिचा प्लेअर अमेरिकेत अटलांटा शहरी विक्रीला आला. त्यातला लेझर काचेच्या नळीतल्या वायूचा होता. तो हलवणे शक्य नसल्याने किरण ट्रॅकवर राखण्यासाठी लहानसे आरसे तिरपे केले जात. पुढे तांदळाच्या दाण्याहून लहान असा अर्धवाहक लेझर आला आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर बाजारात आला, तेव्हा लेझर आणि संवेदक एकाच डबीत बसवणे शक्य झाले होते. या डबीच्या तोंडाशी जे भिंग असते, ते चार बारीक तारांवर तरंगत ठेवलेले असते. त्याला तांब्याच्या तारेची वेटोळी चिकटवलेली असतात आणि भोवती चुंबक असतात. वेटोळ्यातून वीज सोडली की भिंग सरकते. ध्वनिक्षेपकाचा पडदा ज्या तत्त्वावर थरथरतो, तेच हे तत्त्व. हलणारा भाग ग्रॅमभर किंवा त्याहूनही हलका असतो आणि त्यामुळेच तो चपळ असतो. पूर्ण तबकडीची रुंदी मात्र त्याच्या आवाक्यात नसते. म्हणून अख्खी डबी एका सावकाश सरकणाऱ्या गाडीवर बसवतात: गाडी मोठे अंतर तोडते, भिंग बारीक अंतर.

डीव्हीडी घातल्यावर येणाऱ्या टकटकीचे मूळ बऱ्याच वेळा इथेच असते. तबकडीचा थर नक्की किती उंचीवर आहे हे यंत्राला आरंभी ठाऊक नसते. म्हणून लेझर पेटवून भिंग खालून वर आणि वरून खाली असे चाचपडत नेले जाते. चार तावदानांचे गणित ज्या क्षणी धनातून ऋणात शून्य ओलांडते, त्या क्षणी नियंत्रण 'पकड' घेते. परावर्तित प्रकाश फार क्षीण असेल, थर झिजला असेल किंवा लेझर म्हातारा झाला असेल, तर हा क्षण ओळखताच येत नाही. भिंग पुन्हा चाचपडते, पुन्हा चुकते आणि अखेर यंत्र 'डिस्क नाही' असे सांगून मोकळे होते.

खरी कसोटी वेगाची. गाण्याची सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांनी आतल्या कडेवर सुरू होते आणि बाहेरच्या कडेला २०० पर्यंत मंदावते, कारण वाचनाचा रेषीय वेग सेकंदाला १.२ ते १.४ मीटर असाच राखायचा असतो. संगणकाला एवढा संथपणा मानवला नाही. १९९० च्या दशकात दुप्पट, चौपट, आठपट असे करत स्पर्धा ५२ पटींपर्यंत पोचली. तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या मारू लागली. ५०० वरून १०,००० म्हणजे वेग वीसपट. पण झुलणाऱ्या ट्रॅकमागे धावण्यासाठी भिंगाला लागणारे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चारशेपट. ७० मायक्रॉनचा तोच हेलकावा ५०० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासाव्या भागाइतके त्वरण मागतो, तर १०,००० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ आठपट. भिंग तेच आणि तबकडीही तितकीच डगमगणारी.

इथे 'मग दुरुस्ती अधिक जोराने करावी' हा सरळ वाटणारा उपाय फसतो. गिझरच्या नळाखाली उभ्या राहिलेल्या माणसाचा अनुभव आठवावा. पाणी गार लागले म्हणून त्याने गरम नळ जोरात उघडला, पाणी यायला चार क्षण लागले, तोवर त्याने आणखी उघडला. मग चटका बसला म्हणून एकदम बंद केला. उशिरा मिळालेल्या वार्तेवर जोराने कृती केली की दुरुस्तीचीच चूक होते. भिंगाचा लोलकही कडक नसतो. काही हजार कंपनांच्या पलीकडे त्याचे प्लास्टिक आणि तारा स्वतःच्या लयीत थरथरू लागतात, आणि नियंत्रणाने तिथवर जोर लावला तर सगळी व्यवस्था आवरण्याऐवजी शिट्टी घालू लागते. म्हणजे जोराला वरची मर्यादा आहे आणि गरज मात्र वाढतच चालली आहे.

या कोंडीतून वाट निघाली ती एका साध्या निरीक्षणातून. तबकडीचा हेलकावा अनपेक्षित नसतो. भोक जिथे सरकले आहे तिथेच ते राहते. दर फेरीला चूक त्याच जागी, त्याच आकाराने परतते. चोर्ला घाटातून पहिल्यांदाच रात्री गाडी नेणारा चालक दिव्यांच्या उजेडात वळण दिसेल तेव्हाच चाक वळवतो. रोज बेळगावची फेरी करणाऱ्याला मात्र वळण दिसायच्या आधीच हात कुठे न्यायचा हे माहीत असते. नियंत्रणशास्त्रात याला पुनरावर्ती नियंत्रण म्हणतात. या कल्पनेचा पाया जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी घातला गेला, तोही तबकडीसाठी नव्हे, तर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या चुंबकांना तंतोतंत त्याच लहरीची वीज पुन्हा पुन्हा पुरवण्यासाठी. तिथून ती ज्या ज्या यंत्रात एकच चूक फेरीफेरीने परतते, तिथे तिथे गेली. ड्राइव्हच्या स्मृतीत मागच्या फेरीची चूक टिपून ठेवायची आणि पुढच्या फेरीला त्या जागी पोचण्याआधीच भिंगाला त्या दिशेने ढकलायचे. नेहमीच्या दुरुस्तीकडे मग केवळ उरलासुरला फरक राहतो.

मात्र शिकणारे यंत्र चुकीचेही शिकते. तबकडीवर ओरखडा असेल तर त्या जागी प्रकाश नाहीसा होतो आणि चुकीचे मापन निरर्थक आकडे देऊ लागते. यंत्राने तेही 'वळण' समजून पाठ केले, तर पुढच्या फेरीला ते भिंगाला स्वतःच खड्ड्यात ढकलेल. म्हणून परावर्तित प्रकाश एकदम कमी झाला की ड्राइव्ह काही काळ दुरुस्ती गोठवते आणि मागच्या अंदाजावर पुढे सरकते. डोळे मिटून दोन पावले टाकावीत तसे. पुढे गहाळ झालेली अक्षरे भरून काढण्याचे काम वेगळ्या गणिताचे आहे. सीडीत ते ट्रॅकवरच्या सुमारे अडीच मिलिमीटरच्या पट्ट्याची हानी पूर्णपणे भरून काढू शकते. त्या गणिताची कीर्ती बरीच झाली. परंतु किरण ट्रॅकवरच राहिला नाही तर त्याला दुरुस्त करण्यासारखे काही मिळतच नाही, हे सहसा सांगितले जात नाही.

जोराबरोबर असमतोलही वाढतो. तबकडीवर एका बाजूला कागदी लेबल चिकटवले, तर मिनिटाला पाचशे फेऱ्यांना काही बिघडत नाही; दहा हजारांना मात्र अख्खी ड्राइव्ह थरथरते आणि टेबल गुणगुणते. काही ड्राइव्हमध्ये यासाठी मोटरीच्या चकतीखाली पोलादी गोळ्या मोकळ्या सोडलेल्या असत. विशिष्ट वेगापलीकडे त्या आपोआप जड बाजूच्या समोर जाऊन बसतात आणि तोल सावरतात. विजेचा एक थेंबही न वापरता केलेली ही दुरुस्ती सर्वोहूनही साधी आहे आणि थोडी अधिक लोभस. तरीही कडेला ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने पळणाऱ्या प्लास्टिकला मर्यादा होतीच. तडा गेलेल्या सीडी ड्राइव्हच्या आत फुटल्याच्या घटना घडल्या. केनवूड कंपनीने एकाऐवजी सात किरणांनी सात ट्रॅक एकदम वाचून, तबकडी हळू फिरवत ७२ पटींचा दावा करणारी ड्राइव्ह काढली, पण ती रीत रुजली नाही. गंमत अशी की पुढे डीव्हीडी १६ पटींवर थांबली आणि ब्लू-रे १२ ते १६ पटींच्या आसपास. खोक्यावरचे आकडे वेगवेगळे दिसले, तरी तिन्हींची धाव मिनिटाला साधारण दहा हजार फेऱ्यांच्या त्याच कुंपणापाशी संपली. माहितीचा ओघ वाढला तो फिरण्यातून नव्हे, खळगे बारीक झाल्यामुळे. आणि खळगे बारीक झाले तसे सर्वोचे काम अधिक नाजूक झाले. सीडीचा किरण जवळजवळ चार मायक्रॉन खोलीपर्यंत रेखीव राहतो, डीव्हीडीचा दोनाहून कमी, तर ब्लू-रेचा अर्ध्या मायक्रॉनच्या थोडा वर. ब्लू-रेचे ट्रॅक ०.३२ मायक्रॉनवर आहेत. सीडीत जितके तितकेच प्रमाण धरले, तर तिथे किरणाला ०.०२ मायक्रॉनपलीकडे ढळण्याची मुभा नाही.

एवढे समजले की कपाटातल्या त्या डीव्हीडीचे काय करावे, याची दिशाही मिळते. वाचत नसेल तर पहिला उपाय वेग कमी करण्याचा. संगणकावर प्रत काढणाऱ्या काही सॉफ्टवेअरांत वाचनाचा वेग ठरवता येतो. तो सहापट कमी केला तर भिंगावरचा ताण छत्तीसपट उतरतो. वाकलेल्या आणि मध्य सरकलेल्या तबकडीला याचा सर्वाधिक लाभ होतो. दुसरा उपाय ड्राइव्ह बदलून पाहण्याचा. प्रत्येक कंपनीच्या ड्राइव्हमधील लेझरची ताकद, भिंगाची चपळाई आणि दुरुस्तीचे गणित वेगळे असते. एकीला न झेपलेली तबकडी दुसरी सहज पेलते. पुसायची असल्यास मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून नव्हे. मध्याकडून कडेकडे गेलेला ओरखडा किरण क्षणात ओलांडतो. ट्रॅकला समांतर ओरखडा मात्र त्याला बराच वेळ आंधळे करून सोडतो. सीडीच्या बाबतीत चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू अधिक जपावी, कारण माहितीचा थर लाखेच्या पातळ लेपाखाली त्याच बाजूला असतो. तिथला ओरखडा म्हणजे मजकूरच खरवडला जाणे, आणि त्यापुढे कोणताही सर्वो हतबल आहे. घरी लिहिलेल्या तबकड्यांचा रंगथर ऊन आणि उकाड्याने फिका पडतो, हेही कोकणपट्टीतल्या घरांनी लक्षात घ्यायला हवे.

वेळ मात्र फार नाही. सोनी कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हची खाच दिसेनाशी होऊन बरीच वर्षे झाली. तबकडी वाचण्याची विद्या तबकडीत नसून ड्राइव्हमध्ये आहे. चार तारांवर तरंगणारे भिंग, चार तावदानांचा संवेदक आणि मागची फेरी आठवणारी चिप नसेल, तर लग्नाची डीव्हीडी म्हणजे इंद्रधनुषी चकाकीचा प्लास्टिकचा तुकडा. यूएसबीला जोडायची बाहेरची ड्राइव्ह अजून दुकानांत मिळते. नाटकांची आणि भजनांची जुनी ध्वनिमुद्रणे असलेल्या मंडळांनी एक घेऊन ठेवावी, मंद वेगावर लावावी आणि टकटक थांबून तबकडी एका लयीत फिरू लागली, की त्याच बैठकीत प्रत उतरवून घ्यावी.